मोरी 600 मिलिमीटरची
जळगाव जिल्ह्यातल्या एका छोट्या नगरपरिषदेत मी बांधकाम विभागात अभियंता आहे. दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी जुलैत पहाटे साडेचारला फोन आला, नव्या कॉलनीत पाणी शिरलंय.

पोहोचलो तेव्हा पाऊस थांबला होता, पाणी मात्र गुडघाभर. 2021 साली चाळीसगावात तितूर-डोंगरी नद्यांना पूर आला होता. इथे तर नदी दोन किलोमीटरवर. एका घरात मावशी कोठीतून वर्षाचे गहू उपसत होत्या. मूठभर गहू त्यांनी माझ्या हातावर ठेवले. दाणे ओलेचिंब, फुगायला लागलेले. मावशी काहीच बोलल्या नाहीत.

शेजारचे बाबा म्हणाले, "साहेब, आठेच नाला व्हता." भूमी अभिलेखच्या जुन्या नकाशात तो आजही आहे. जमीन बिनशेती होऊन प्लॉट पडले तसा तो बुजत गेला आणि उरली रस्त्याखालची मोरी. टेप लावला: व्यास 600 मिलिमीटर, निम्मी गाळाने भरलेली. वरचं पाणलोट, म्हणजे जिथलं पाणी या मोरीकडे येतं ते क्षेत्र, 40 हेक्टर. तासाला 50 मिलिमीटर पाऊस धरला, तर शेतं होती तेव्हा सेकंदाला जेमतेम 1.7 घनमीटर पाणी यायचं. आता काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकवरून 4.4 येतं. मोरी साफ असली तरी सेकंदाला अर्धाच घनमीटर नेईल!

दुपारी मुख्याधिकाऱ्यांसमोर पैशाचा विषय निघाला. पंधराव्या वित्त आयोगाचा 60 टक्के निधी बंधित होता, म्हणजे फक्त पाणीपुरवठा आणि स्वच्छतेसाठी. उरलेल्या अबंधितावर प्रत्येक प्रभागाचा डोळा. केंद्राच्या 2015 च्या अमृत अभियानात पावसाळी गटारी बसायच्या, पण त्या यादीत आमचं गाव नव्हतं. राहिलं राज्याचं नगरोत्थान अभियान, तिथे पालिकेला स्वतःचा हिस्सा घालावा लागतो. नगरसेवकांना घरांपुढची गटार आधी हवी होती, आणि लोक त्यांनाच धरतात, हेही खरं. मी अडून बसलो: काम खालून वर करायचं. आधी मोरीच्या जागी बॉक्स कल्व्हर्ट, म्हणजे काँक्रीटची मोठी चौकोनी मोरी, मग नाला मोकळा, गटारी शेवटी. गटार कुठे सोडायची हे अंदाजपत्रकात लिहिलंच जात नाही. मीही पूर्वी दोनदा लिहिलं नव्हतं. त्यातली एक गटार याच कॉलनीतली.

प्रस्तावात नगरोत्थानचं नाव घातलं आणि संध्याकाळी परत गेलो. मावशींनी गहू खाटेवर पसरले होते, वर पुन्हा आभाळ भरलेलं. जेसीबी लावला. रात्री नऊपर्यंत मोरीच्या तोंडातून दोन ट्रॉली गाळ निघाला.