बिडाचा गल्ला आणि साच्याची ऑर्डर

जळगावात जुन्या वस्तूंचं दुकान म्हटलं की लोकांना वाटतं हा दिवसभर तलवारी न पितळी समया विकत बसलेला असेल. खरं काम म्हणजे नाही म्हणणं. सकाळी शटर उघडत नाही तोच कोणीतरी वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं घेऊन उभा, युट्यूबवर पाहिलेलं असतं की याचे दहा लाख येतात, आणि मी म्हटलं की भाऊ पाचाचं नाणं आहे, पाचच येतील, तर चोर मी. त्यामुळे भुसावळहून अप्पांचा फोन आला की "साहेबाचा काळा बाबा आहे बा एक, बिडाचा, पैसे खातो, येऊन बघून जा" तेव्हा फार मनावर घेतलं नव्हतं. तरी गेलो. भुसावळच्या रेल्वेवाल्यांच्या घरात काय निघेल सांगता येत नाही, स्टीमच्या जमान्यातलं एवढं मोठं लोको शेड, गोरे न अँग्लो इंडियन ड्रायव्हर, त्यांचे बंगले, आणि सत्तेचाळीसनंतर ते निघून गेले तेव्हा मागे राहिलेल्या त्यांच्या पेट्या. अप्पांचे वडील अशाच एका ड्रायव्हरच्या हाताखाली फायरमन होते, तो जाताना एक पेटी देऊन गेला, त्यात दोन बशा, एक शिटी न हा बाबा.

बाबा म्हणजे बिडाचा, ओतीव लोखंडाचा, पैसे साठवायचा गल्ला. वीतभर उंचीचा, छातीपर्यंतचा काळा माणूस, लाल कोट, पांढरी कॉलर, गळ्यात बो, थोराड लाल ओठ आणि बटाट्याएवढे डोळे. एक हात पुढे पसरलेला. तळहातावर नाणं ठेवायचं न खांद्यामागचं लिव्हर दाबायचं, हात वर उचलला जातो, जीभ आत जाते, नाणं तोंडात पडतं आणि त्याच वेळी डोळे वर फिरतात. एका लिव्हरवर तीन हालचाली, स्प्रिंग नाही बॅटरी नाही, नुसती वजनं न खिळे. शंभरेक वर्षांनंतरही अप्पांच्या ओट्यावर तो एकदम गुळगुळीत चालला हे मी कोणालाही सांगताना अजून खुश होतो. पाठीवर उठावाच्या अक्षरात त्याचं नाव ओतलेलं आहे, त्यातली शिवी मी इथे टाइप करत नाही, अमेरिकेतले गोरे काळ्या लोकांना ज्या शब्दाने हाक मारायचे तीच.

अशा गल्ल्याचं पेटंट अमेरिकेत बफेलोच्या शेपर्ड हार्डवेअर कंपनीने १८८२ ला घेतलं. नंतर इंग्लंडात विलनहॉलची जॉन हार्पर कंपनीही तसाच गल्ला काढायची, साहेबाचा हा तिकडचाच असणार. तिकडे गुलामी कायद्याने बंद झाली १८६५ ला, म्हणजे माणूस सुटून पुरती वीस वर्षंही झाली नव्हती आणि तो गोऱ्या पोरांच्या टेबलावर पैसे गिळणारं खेळणं होऊन बसला. हे मी गिऱ्हाईकांना सांगतो. पाच मिनिटं ऐकतात, मग विचारतात कितीला देणार.

खरा की नकली ते बघायला मला फार वेळ लागला नाही, पण सांगतो कसं बघतात, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. जुन्या बिडाच्या खेळण्याचे दोन भाग असे बसतात की सांध्यात नख जात नाही, नव्या नकलेत फट दिसते. जुन्याचा आतला भाग हाताला मऊ लागतो कारण वाळू बारीक वापरायचे, नव्याच्या आत बोट फिरवलं की पुरळ आल्यासारखं खरखरीत. गंज जुना असेल तर काळपट तपकिरी, केशरी भुकटी हाताला लागली की समजायचं गेल्या पावसाळ्यातला आहे. स्क्रू उलटा करून बघायचा, फुलीची खाच असेल तर पुढे बघायचंच नाही, फुलीचे स्क्रू १९३० नंतरचे. आणि सगळ्यात पक्कं म्हणजे माप. बीड थंड होताना शेकडा एक तरी आक्रसतं, म्हणून अस्सल वस्तूवरून साचा काढून ओतलं की नक्कल हमखास थोडी लहान येते, मोठे संग्राहक अस्सल तुकड्याच्या बुडाचा आराखडा कागदावर काढूनच ठेवतात. अप्पांच्या बाबाचं बूड उघडलं तर आतून भोकाचे पैसे निघाले, १९४३ ते ४७ मधले तांब्याचे. अप्पा एकदम लहान झाले. "आम्हीच टाकले बा हे, मायकडून मागून मागून, डोळे फिरले की पोट दुखेस्तोवर हसायचो."

अप्पांची नात पुण्याला आयटीत आहे, तिने व्हिडिओ कॉलवर पाहिला आणि म्हणाली आजोबा हे विकू पण नका, फेकून द्या, स्टेटसला तर अजिबात टाकू नका. अप्पांना कळेना काय झालं. त्यांच्यासाठी तो खेळण्यातला बाबा, बापाची आठवण, आणि खरं बोलायचं तर गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च.

मी नातीला माझं नेहमीचं उत्तर दिलं. की वस्तू जुनी आहे, इतिहास आहे, फोडून इतिहास बदलत नाही. अमेरिकेत अशा वस्तू जमवणाऱ्यांत काळे लोकही बरेच आहेत, मिशिगनमध्ये फेरिस स्टेट युनिव्हर्सिटीत तर जिम क्रो म्युझियम म्हणून अख्खं म्युझियमच आहे असल्या वस्तूंचं, ते सुरू करणारे डेव्हिड पिल्ग्रिम स्वतः काळे, त्यांनी आधी स्वतःचा संग्रह केला आणि मग लोकांना दाखवायला दिला, वंशद्वेष कसा घरात, स्वयंपाकघरात, पोरांच्या खेळण्यात शिरतो ते दिसावं म्हणून. आणि हे काही फार जुनं प्रकरणही नाही. इंग्लंडातला रॉबर्टसनचा जॅम काळ्या गोलिवॉग बाहुल्याच्या चित्राखाली २००० उलटेपर्यंत विकला जात होता, आणि पूर्वेकडे एक टूथपेस्ट आहे डार्ली नावाची, तिचं नाव १९८९ पर्यंत डार्की होतं, म्हणजे काळ्यांना द्यायची शिवीच. नात म्हणाली, काका म्युझियमला द्या मग, दुकानात काय ठेवता. मी म्हटलं बघू. या पिढीला सगळं फोनवरून ठरवायचं असतं.

तर बाबा दुकानात आला आणि काउंटरवर बसला. आणि जो येईल तो लिव्हर दाबायला लागला. बँकेतले साहेब, शाळेच्या बाई, बाजूचा मेडिकलवाला दिवसातून दोनदा. माझ्याकडे कामाला नंदुरबारच्या धडगावकडचा पावरा आदिवासी पोरगा आहे, पितळ साफ करण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या जळगावात नाही. एक काका, चांगले शिकलेले, बाबाकडे बघून त्याला म्हणाले, "हा तर तुझाच भाऊ रे." पोरगं हातातलं काम न थांबवता म्हणालं, "असंल काका, पण पैसे खायची सवय तुमच्या हापिसातली दिसते." काका पाटबंधारे खात्यातले. दुकानात जो हशा झाला तो काकांना जडच गेला.

नंतर चहा पिताना पोरगा आपणहून बोलला. इकडच्या शाळेत होता तेव्हा गॅदरिंगला बाईंनी आदिवासी डान्स बसवला, पाटलांच्या, वाण्यांच्या पोरांना काजळ फासलं, कमरेला पानं बांधली, झिंगालाला. आणि तो खरा पावरा, त्याला मागच्या रांगेत उभं केलं कारण त्याला ती स्टेप जमेना. म्हणे आमच्याकडे पानं कोण बांधतं, आमच्या बायकांच्या अंगावर चांदी असते. होळीला बुध्या होतात ते पण अंगावर राखेचे ठिपके काढतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालतात, तर ते नवसाचं असतं, पाळणूक पाळायला लागते. ते आम्ही आमचं आमच्या हाताने रंगवतो. एवढंच बोलला न परत पितांबरी घेऊन बसला. मी बाबाला काउंटरवरून उचलून मागच्या कपाटात ठेवलं, गिऱ्हाइकांना सांगितलं लिव्हर नाजूक झालंय.

आता खरी केस. मुंबईचा एक व्यापारी, एक्स्पोर्टला जुन्या लूकचा माल पुरवणारा, फोटो बघून स्वतः गाडी घेऊन आला. मी तयारीत होतो. त्याला आधीच सांगितलं की शंभर वर्षांपुढची वस्तू असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यात अडकू शकते, बाहेर पाठवायची तर पुरातत्त्व खात्याचा कागद लागेल की हे पुरावशेष नाही, आणि तो कागद आणणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्याला विचारा. तो हसला. म्हणाला मला वस्तू नकोच आहे. आठवडाभर द्या, साचा काढतो, परत आणून देतो, अस्सल तुमच्याकडेच राहील, आणि पैसे विकल्याएवढेच. पहिला लॉट तीनशेचा. ओतायचं, रंग द्यायचा, चहाच्या पाण्याने तो जुनाट करायचा, मिठाच्या पाण्यात ठेवून गंज आणायचा. इथेच कोणी ओतारी असेल तर अजून स्वस्त पडेल.

आमचे धुळ्याकडचे ओतारीबाबा नेमके दुकानात बसलेले, घंटेच्या कामाला आलेले. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते म्हणाले, "माले काय करनं शे भो, गणपती सांगा तं गणपती ओतसू, हाई सांगा तं हाई ओतसू." त्यांना दोष नाही देत, त्यांच्या भट्टीला कोळसा लागतो.

मी व्यापाऱ्याला विचारलं, घेणार कोण? संग्राहक तर नाही, तो बुडाचं माप काढेल न दोन मिनिटांत फेकून देईल. तो म्हणाला, "संग्राहकासाठी नाहीच हो, लोकांना असा पीस शोकेसमध्ये पाहिजे असतो." कसा पीस? "असाच. फनी." आणि तिथे माझं ते नेहमीचं उत्तर घशात अडकलं. आजवर मी प्रत्येकाला सांगत आलो की वस्तूची किंमत तिच्या वयाला आहे, चेहऱ्याला नाही. आणि इथे समोर तीनशेची ऑर्डर होती ज्यात वय शून्य, फक्त चेहरा. पुढच्या महिन्यात ओतलेला चेहरा कोण विकत घेतं? ज्याला इतिहास पाहिजे तो तर नक्कीच नाही. म्हणजे जुनं-जुनं म्हणून जे चालतं त्यातल्या किती जणांना खरंच जुनं पाहिजे असतं, आणि किती जणांना फक्त लिव्हर दाबायचं असतं?

मी नाही म्हटलं. व्यापारी काही चिडला नाही. उठता उठता म्हणाला, "तुमच्या दुकानात पण लोक हसलेच की सेठ. तुम्ही एक ठेवता, मी तीनशे ठेवीन." याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही आणि अजून धड सुचलेलं नाही. एवढं कळतं की अप्पांच्या बाबाच्या पाठीवर ती शिवी कोणी न कधी ओतली हे मी बोट ठेवून सांगू शकतो, आणि नवीन ओतली तर ती ओतणारे आम्ही, मी न ओतारीबाबा, २०० किलोमीटरवर धडगाव असताना. पण हेही माहितीय की माझ्या नकाराने काही थांबलेलं नाही. त्याला दुसरा कोणाचा तरी मिळेल, नकला बाजारात कधीच्या आहेत.

मुंबईच्या एका ओळखीच्या संग्राहकाला बाबा देतो म्हटलं, पण अट घातली की साचा काढू देणार नाही असं लिहून द्या. तो म्हणाला असं कोणी लिहून देत नसतं, चार टक्के कमी करा मग बघू. म्युझियमला मेल टाकलाय, पण त्यांच्याकडे असले ढिगाने असणार, आणि फुकट दिलं तर अप्पांचा गुडघा कोण करणार.

काल अप्पांचा परत फोन. सगळं सांगितलं, साच्याचं पण, त्या व्यापाऱ्याने किती देऊ केले होते ते पण, लपवायचं कशाला. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "साचा नाही देला ते ठीक केलं बा. पण मग तूच घेऊन घे ना इकत, तुले एवढं वाटतं तं." मी म्हटलं अप्पा, हिशोब करून सांगतो. अजून केला नाहीये.