मॉरिशसची ‘प्रायव्हेट’ कॅटामरान आणि कँ द मिरच्या पुढचा पाऊण तास

आधी पैशांचं बोलते, कारण ते अजून घशाखाली उतरलेलं नाही. ग्राँ बेच्या (पाटी वाचून अण्णा शेवटपर्यंत ‘ग्रँड बाई’च म्हणत होते) किनाऱ्यावर छत्री लावून बसलेल्या एका एजंटाकडे आम्ही आठ जणांसाठी ‘प्रायव्हेट कॅटामरान’ (दोन लांबट तळांवर उभी असलेली शिडाची बोट) ठरवली. गॅब्रिएल बेट, स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्यात मासे बघणं), बोटीवरच जेवण, सकाळी नऊ ते दुपारी चार. 32,000 मॉरिशियन रुपये. तिकडचा एक रुपया म्हणजे आपले पावणेदोनच्या वर, तेव्हा साठ हजारांच्या आसपास धरा. मी घासाघीस करून 35 वरून 32 वर आणलं होतं आणि त्या रात्री स्वतःवर खूश होऊन झोपले.

सकाळी डिंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून, बोटीवर चढलो, तर दोन तळांच्या मध्ये ताणलेल्या पुढच्या जाळीवर सहा माणसं आधीच क्रीम फासून पसरलेली. मला वाटलं, बोट चुकली. कप्तान म्हणाला, बरोबर आहे, तुमच्या आठ सीट आहेत. मी म्हटलं, अहो, आमची प्रायव्हेट आहे. तो म्हणाला, हो, प्रायव्हेटच आहे, माझ्या मेव्हण्याची.

त्या सहांपैकी शेजारच्या रियुनियन बेटावरून आलेल्या एका जोडप्याने सरळ सांगितलं की त्यांनी माणशी 2,200 दिले. आठ गुणिले 2,200, म्हणजे 17,600. आम्ही 14,400 जास्तीचे मोजले होते, आपले पंचवीस हजारांच्या वर. वहिनी म्हणाली, ‘जाऊ दे, सुट्टीवर आलोय.’ मी ते जाऊ दिलं नाही. दिवसभर समुद्राकडे बघताना मला 14,400 दिसत होते.

तर पहिली गोष्ट. तिकडे पूर्ण बोट आपल्यासाठी राखून हवी असेल तर ‘प्रायव्हेट’ या शब्दाला काडीची किंमत नाही. फ्रेंचमध्ये ‘बातो प्रिवातिझे’ म्हणतात, तो शब्द वापरा आणि पावतीवर लिहून घ्या: बोटीचं नाव, बोटीवर फक्त आम्ही इतके जण, निघायची वेळ, पाण्यात उतरायचा वेळ, फिन्स (पोहताना पायात घालायचे पंख) आणि दारू धरून की सोडून. आमच्या पावतीवर नुसतं ‘8 माणसं, कॅटामरान’ होतं आणि ते मी वाचलंसुद्धा नव्हतं. आगाऊ रक्कम थोडीच द्या. त्याहून उत्तम म्हणजे बोटी परत येतात तेव्हा, चारच्या सुमाराला, धक्क्यावर जाऊन उभं राहायचं. उतरणाऱ्या लोकांचे चेहरे बघायचे. हिरवे पडलेले दिसले तर दुसऱ्या दिवशी जायचं नाही. चेहरे ठीक असतील तर थेट कप्तानाशीच बोलायचं. बोटीकडे टुरिझम ऑथॉरिटीचा परवाना असावा लागतो, तो दाखवायला सांगितलं तर कुणी रागावत नाही.

आता तो पाऊण तास.

मॉरिशसभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाचं कुंपण आहे. त्याच्या आत पाणी तलावासारखं, बाहेर हिंदी महासागर. एजंटांच्या फोटोंत सगळं आतलं पाणी असतं. पण गॅब्रिएल आणि त्याच्या शेजारचं इल प्लात ही बेटं कुंपणाच्या बाहेर, उत्तरेला उघड्या समुद्रात आहेत. त्यात आम्ही गेलो ऑगस्टात. तिकडे तो हिवाळा, आणि जून ते सप्टेंबर आग्नेयेकडून सतत वारा वाहतो. मॉरिशसच्या आडोशाला असेपर्यंत तो कळत नाही. कँ द मिर नावाचा एक उभा, एका बाजूला तिरपा कापलेला खडक लागतो, तो मागे टाकला की कळतं.

कॅटामरान फारशी झुकत नाही, म्हणून ‘ही बोट लागत नाही’ असं सगळे सांगतात. मला विचाराल तर हे अर्धसत्य आहे. साधी शिडाची होडी एका बाजूला झुकते आणि त्या झुकण्याला एक लय असते, ती अंगवळणी पडते. कॅटामरानला दोन पाय. एक पाय लाटेवर चढतो तेव्हा दुसरा खाली असतो, मग दुसरा चढतो, आणि मधल्या जागेतून लाट खालून येऊन फळीवर आपटते. धाड. कुणीतरी तळाला लाकडी मोगरीने हाणावं तसा आवाज. तिसऱ्या-चौथ्या धाडेनंतर जाळीवरच्या सहाजणांतले चार मागे आले. पाचव्याला जाळीच्या भोकांतून असा काही फवारा बसला की तो ओणवा होऊन रांगतच आला.

आमच्यात अण्णा, म्हणजे दादाचे सासरे, वय 71. सकाळी हॉटेलात ऑम्लेट, दोन क्रॉसाँ आणि अननसाचा रस घेऊन निघालेले. ते सगळं मॉरिशसलाच राहिलं. अण्णांनी चूक केली ती अशी की मळमळायला लागल्यावर ते खाली, बोटीच्या पायातल्या संडासात गेले. बंद जागा, डिझेलचा वास, क्षितिज दिसत नाही. कधी म्हणजे कधीही खाली जाऊ नका. मागे बसा, मधोमध, नजर दूरच्या जमिनीवर. ओकायचंच असेल तर वाऱ्याच्या खालच्या बाजूला. जाताना वारा उजवीकडून येतो, म्हणजे डावीकडे ओका. परतताना उलट. बसायलाही तोच हिशोब, जाताना उजवी बाजू भिजते, परतताना डावी. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझा फोन आज चालू असता.

अण्णांजवळ बादली धरून एक खलाशी पोरगा बसला होता. पंचवीसेक वर्षांचा, काळासावळा, कानात बाळी. आमचं बोलणं ऐकून म्हणाला, ‘मराठी?’ त्याची पणजी रत्नागिरीकडची, घर कास्काव्हेलला. मराठी येत नव्हतं, तिकडची बोली क्रिओल आणि थोडी हिंदी. पण गणपतीची आरती सगळी पाठ. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते, त्यांच्या घरी मोदक होतात, म्हणाला. अण्णा बादलीत डोकं घालून बसलेले आणि हा त्यांच्या पाठीवर हात फिरवत फ्रेंच वळणाच्या उच्चारात आरती म्हणतोय, टाळ्यांच्या जागी बादलीवर बोटं. मध्येच त्याने पावाच्या लांब नळीचं टोक तोडलं आणि अण्णांना चघळायला दिलं. कोरडा पाव, पाणी नाही. त्याने खरंच बरं वाटलं त्यांना. टीप द्यायचीच तर अशा पोराच्या हातात द्या, काउंटरवरच्या डब्यात टाकू नका.

अॅव्होमिन इथूनच घेऊन जा. आदल्या रात्री एक, निघायच्या तासभर आधी एक. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी समुद्रातच जाते. झोप येते, ती चालेल. वयस्कर माणूस किंवा इतर औषधं चालू असलेला कुणी असेल तर डॉक्टरांना विचारून. आणि खरं सांगू का, सत्तरीच्या माणसाला जून ते सप्टेंबर या बाजूला नेऊच नका. आम्ही नेलं, हा गाढवपणा झाला.

स्नॉर्केलिंगबद्दल निकाल लगेच देते: एवढ्यासाठी एवढ्या लांब जाऊ नका. दोन बेटांच्या मधल्या उथळ पाण्यात पंचवीस मिनिटं मिळाली. त्यातली दहा मास्क बदलण्यात गेली, कारण बोटीवरचे मास्क गळके, पट्ट्या चिकट. स्वतःचा मास्क आणि नळी नेणं मी गृहीत धरते. ज्यांना स्वतःचं सामान नाही त्यांनी बेटावर सावली शोधून बसावं. पाणी ऑगस्टात 22-23 अंशांचं, मुंबईकराला बोचतं, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट तरी घाला. मधल्या खिंडीत प्रवाह आहे आणि तो ओढतो. लाइफ जॅकेटवाले लोक बोटीपासून बघता बघता शंभर मीटर गेले, त्यांना डिंगी पाठवून आणावं लागलं. दोनशे मीटर समुद्रात न थांबता पोहता येत नसेल तर दोरीजवळच राहा. तळाचा बराचसा प्रवाळ पांढुरका, मोडका. पट्ट्यापट्ट्यांचे मासे पुष्कळ, दोन पोपटमासे, एक लांब पाइपसारखा ट्रम्पेट फिश. मालवणला सिंधुदुर्गाच्या बाजूला मी याच्या कितीतरी पट स्वस्तात डोकं पाण्यात घातलंय. तिथे पाणी इतकं नितळ नसतं, हे मान्य.

जेवण ठीक. भाजलेली कोंबडी, मासा, कोबीचं सॅलड, पाव. शाकाहाऱ्यांना सॅलड, पाव आणि सहानुभूती. फिनिक्स बिअर आणि रम हवी तेवढी, पण परतीचा पाऊण तास आठवून मी हात लावला नाही. ज्यांनी लावला त्यांचं परतताना काय झालं ते लिहीत नाही.

गॅब्रिएलची वाळू फार सुंदर आहे, झुडपांखाली लांब शेपटीचे पांढरे पक्षी बसलेले असतात, एअर मॉरिशसच्या विमानावर असतात ते. समोर इल प्लातवर जुना दीपगृहाचा मनोरा दिसतो, 1855 चा. त्यानंतर वर्षभराने, 1856 साली, कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवर कॉलरा निघाला म्हणून त्यांतल्या गिरमिट्या, म्हणजे करारावर आणलेल्या, मजुरांना याच गॅब्रिएलवर उतरवून ठेवलं होतं. शेकडो तिथेच गेले. हे बोटीवर कुणी सांगत नाही, मला त्या आरतीवाल्या पोराने सांगितलं. त्यानंतर त्या वाळूवर लावलेला सेगाचा (तिकडच्या नाचगाण्याचा) स्पीकर मला जरा जास्तच मोठा वाटायला लागला.

परत येताना मात्र एक झालं, आणि ते लपवणं बरोबर नाही. कँ द मिर ओलांडून मुख्य बेटाच्या आडोशाला आलो तशी लाट एकदम मोडली. वारा होता, पाणी सपाट. कप्तानाने तोपर्यंत जाता-येता इंजिनच चालवलं होतं, शीड म्हणजे फोटोपुरतं. तिथे त्याने इंजिन बंद केलं. एवढा वेळ कानात घुमणारी घरघर गेली आणि फक्त दोन्ही पायांखालून पाणी सरकल्याचा आवाज. मोठं शीड ताठ भरलेलं, दोर तारेसारखे. अण्णा उठून बसले आणि म्हणाले, ‘ही आता बोट झाली.’ वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांसाठी मी पुन्हा जाईन आणि पुन्हा फसवून घेईन, असं तेव्हा वाटलं. संध्याकाळी हिशोब लिहिताना नाही वाटलं. पण विचारून ठेवा: इंजिन बंद करून निव्वळ शिडावर किती वेळ नेणार? ज्याला या प्रश्नाचा अर्थच कळत नाही तो कप्तान टाळा.

बाकीचे दिवस. इल ओ सर्फला आम्ही त्रू दो दूसहून साध्या होडीने गेलो, छान गेला दिवस, लिहिण्यासारखं काही नाही. पश्चिमेची कॅटामरान, काळ्या नदीकडून निघून बेनिचिए बेटापर्यंत जाणारी, बहुतेक वाट आडोशाने आणि कुंपणाच्या आतून जाते, ल मोर्नचा डोंगर समोर. वयस्कर माणसं, लहान मुलं, पोट नाजूक असलेले, सगळ्यांनी हीच करा. फक्त तामारिनच्या खाडीतलं डॉल्फिनचं प्रकरण त्यात असेल तर ते वगळायला सांगा. सकाळी सातला वीसेक बोटी चार डॉल्फिनांच्या मागे लागलेल्या असतात आणि कप्तान ओरडतो ‘उडी, उडी’. दादाच्या मोठ्या पोराने उडी मारली. त्याला दुसऱ्या बोटीचं इंजिन दिसलं, डॉल्फिन दिसला नाही.

आणि खरोखर प्रवाळ बघायचा असेल तर कॅटामरान विसरा, आग्नेयेला ब्लू बेला जा. सागरी उद्यान आहे, 2008 पासून रामसर या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत. सार्वजनिक किनाऱ्यावरून स्वतःचा मास्क लावून आत चालत जाता येतं, बोटीच्या वाटा कुठे आहेत तेवढं बोयांवरून (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांवरून) बघून घ्या. फिन्स नसतील तर पायात जाड बूट हवेतच. काळे काटेगोळे (सी अर्चिन) भरपूर आहेत आणि दगडासारखा दिसणारा एक विषारी मासाही असतो. उभं राहायची वेळ आली तर पाय आपटू नका, सरकवा. आम्ही तिथे दोन तास होतो. खर्च: बसभाडं आणि ढोलपुरी, म्हणजे तिकडची डाळीची पोळी.

दुसऱ्या दिवशी मी पावती घेऊन त्या छत्रीखाली गेले. एजंट आधी मला ओळखेना, मग त्याला इंग्रजी येईना. मी खुर्ची ओढून बसले आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘कितने लोग? आठ?’ विचारायला लागले. चाळीस मिनिटांत त्याने 6,000 परत दिले आणि आठ टी-शर्ट. टी-शर्ट एकाच मापाचे आहेत, एक्स्ट्रा लार्ज.