काब द रामच्या सड्यावरून दक्षिणेचं आकाश

त्रिशंकू तारकासमूह, ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ, कॅरिना तेजोमेघ यांचे फोटो काढायचे तर ऑस्ट्रेलिया नाहीतर नामिबिया गाठायला हवा, असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. मला हे पटत नाही. गोवा १५ अक्षांशाच्या आसपास आहे. त्रिशंकूतला सर्वात खालचा तारा इथे याम्योत्तर वृत्तावर (उत्तर-दक्षिण रेषेवर, म्हणजे सर्वात उंच) आला की क्षितिजाच्या सुमारे १२ अंश वर असतो. पुण्याहून तोच तारा जेमतेम ८ अंशांवर येतो. फरक किरकोळ वाटेल, पण क्षितिजालगतच्या धुरकट पट्ट्यात तेवढ्यानेच सगळं ठरतं.

खरी अडचण जागेची. मी राहतो फोंड्याला, आणि गच्चीवरून दक्षिणेला नुसते दिवे. गोव्याचे किनारे पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सूर्यास्त झकास दिसतो, दक्षिण मात्र बहुतेक ठिकाणी डोंगराआड. नकाशा घेऊन बसलो तेव्हा ध्यानात आलं, की किनारा खाली जाताना आग्नेयेकडे झुकतो. म्हणजे समुद्रात घुसलेलं एखादं टोक धरलं तर तिथून थेट दक्षिणेला फक्त अरबी समुद्र. काणकोणातलं काब द राम हे तसं टोक. कारवारचा उजेड आग्नेयेला राहतो आणि हवे ते तारे सर्वात उंच येतात ते नेमके दक्षिणेला. आगोंद, गालजीबाग मी मुद्दाम वगळले. तिथे कासवं अंडी घालायला येतात, रात्री दिवे घेऊन वाळूत फिरणं बरं नव्हे.

तिथल्या किल्ल्याच्या अलीकडे सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, ओळखीतल्या एका काकांचं घर आहे. त्यांना विचारलं, "काका, रात्री अंगणातला दिवा बंद ठेवला तर चालेल?"

"ठेव रे. पण कातळावर बघून पाय टाक, फुरसं असतं. आणि काय मिळेल ते आम्हालाही दाखव."

वेळ निवडली मार्चच्या अमावास्येची. एप्रिल-मे महिन्यांत हेच तारे सोयीच्या वेळी वर येतात, पण हवेत बाष्प फार. मार्चच्या मध्याला कॅरिना पावणेबाराच्या सुमारास याम्योत्तरावर येतो, त्रिशंकू दीडच्या आसपास, ओमेगा अडीचच्या जरा आधी. रात्र आपोआप आखली जाते. मी प्रत्येकाला याम्योत्तराच्या आधी-नंतर मिळून तासाभराचाच वेळ दिला. १५ अंशांवरच्या वस्तूचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा जवळपास पावणेचारपट हवेतून येतो, आणखी खाली उतरू दिली तर हाती नुसता तांबूस गढूळपणा.

ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणाऱ्या ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. इथे ध्रुवही अवघ्या १५ अंशांवर, काकांच्या माडांच्या शेंड्यांमागे. ट्रायपॉड सरकवत सरकवत दोन माडांच्या फटीत तो सापडला. फोकससाठी मित्र (अल्फा सेंटॉरी) हा तारा या भागात सगळ्यात तेजस्वी म्हणून हात तिकडेच जातो, पण इतक्या खाली तो लाल-निळा थरथरत असतो. त्यापेक्षा उंचावरच्या चित्रेवर, लाइव्ह व्ह्यू दहापट करून फोकस जमवला आणि लेन्सच्या रिंगला टेप चिकटवली. या मित्राचं भारताशी जुनं नातं आहे. तो जुळा तारा आहे हे १६८९ साली ज्याँ रिशो या जेझुइट धर्मगुरूंनी पुदुच्चेरीहून पाहिलं. आपल्याच भूमीवरून झालेला तो शोध मला फार मोलाचा वाटतो.

त्रिशंकू आणि मित्र-मित्रक (अल्फा-बीटा सेंटॉरी) ही जोडी ५० मिलिमीटरच्या लेन्सने ट्रॅकरशिवायच टिपली, म्हणजे खालची समुद्राची रेघ हलत नाही. तारे रेघोट्या न होता किती सेकंद उघडझाप ठेवता येईल, याचा नेहमीचा हिशोब म्हणजे ५०० भागिले लेन्सचे मिलिमीटर; ५०ला १० सेकंद येतात. पण खगोलीय विषुववृत्तापासून ६० अंश दूर असलेले तारे निम्म्याच वेगाने सरकतात. म्हणून २० सेकंद दिले, आणि तारे टिंबासारखे राहिले.

ओमेगा सेंटॉरीला मात्र १३५ मिलिमीटर आणि ट्रॅकर. समुद्रावरचा दमटपणा तोवर लेन्सवर बसायला लागला होता, तेव्हा पॉवर बँकेवरचा हीटर पट्टा गुंडाळला. किनाऱ्यावर हा पट्टा नसेल तर मध्यरात्रीनंतरच्या फ्रेम विसराव्यात. ओमेगा इथून २७ अंशांपर्यंत चढतो. एडमंड हॅली यांनी १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून त्याची नोंद केली. तो सुमारे १७ हजार प्रकाशवर्षं दूर असून त्यात एक कोटीच्या घरात तारे आहेत. स्क्रीनवरची पहिली फ्रेम मोठी केली तर मधोमध खसखशीचा ढीग, आणि कडेला एकेक तारा सुटा. त्याच चौकटीत, साडेचार अंश उत्तरेला, सेंटॉरस ए ही दीर्घिकाही आली. तिच्या पोटातून गेलेला धुळीचा काळा पट्टा एकट्या फ्रेममध्ये कळत नव्हता. काका चहा घेऊन आले होते, त्यांनी बोट ठेवून विचारलं, "हे सगळे तारेच?"

पुढचं काम घरी, कॉम्प्युटरवर. एकेक मिनिटाच्या फ्रेम डीपस्कायस्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचल्या. शंभर फ्रेम रचल्या तर नॉइझ (फोटोतला दाणेदारपणा) दहापट घटतो, हे साधं वर्गमुळाचं गणित. हवेने जे खाल्लं ते थोडंफार असंच भरून निघतं. फोटोत खालून वर जाणारी नारिंगी झाक वजा केल्यावर सेंटॉरस एचा पट्टा उमटला. बारीक आहे, पण आहे.

कॅरिना अजून मनासारखा आलेला नाही. त्याची लाली ही हायड्रोजनच्या ६५६ नॅनोमीटरच्या प्रकाशाची, आणि साध्या कॅमेऱ्याचा आतला फिल्टर तोच प्रकाश बराचसा अडवतो. एका मित्राने फिल्टर काढलेला कॅमेरा देऊ केला आहे. पुढच्या फेब्रुवारीच्या अमावास्येला, रात्री दीडच्या सुमारास, कॅरिना याम्योत्तरावर असेल तेव्हा तो लावणार आहे.