एकाच नावाची दोन माणसे

स्कॉटलंडमधल्या पूर्वजांचा शोध घेऊन देणे हा माझा व्यवसाय आहे. नाव सापडायला फारसा वेळ लागत नाही. सापडलेला माणूस तोच का, हे ठरवताना मात्र दिवसच्या दिवस जातात. मला या कामाची गोडी लागली ती या दुसऱ्या भागामुळेच.

अलीकडे कॅनडातल्या एका कुटुंबाने पाठवलेल्या तयार वंशावळीत, पेस्लीत विणकाम करणारे त्यांचे खापरपणजोबा जॉन मॅकडोनल्ड थेट एका कुळप्रमुखाच्या शाखेला जोडलेले होते, आणि त्या जोडणीला आधार होता तो फक्त नावाचा आणि अंदाजे जन्मवर्षाचा. आडनाव एक म्हणजे रक्त एक, असे हायलँड्सच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर-पश्चिमेकडच्या डोंगराळ भागाच्या बाबतीत धरून चालत नाही, कारण प्रमुखाच्या आश्रयाला राहणाऱ्या कित्येक कुटुंबांनी त्याचेच आडनाव लावले होते. म्हणून ती वंशावळ बाजूला ठेवून मी शेवटाकडून, म्हणजे मृत्यूच्या नोंदीपासून सुरुवात केली.

स्कॉटलंडमध्ये सक्तीची नागरी नोंदणी १ जानेवारी १८५५ रोजी सुरू झाली, आणि इथल्या मृत्यूच्या नोंदीत मृताच्या वडिलांबरोबर आईचेही नाव माहेरच्या आडनावासह लिहिलेले असते. इंग्लंडच्या त्या काळातल्या नोंदींत हे मिळत नाही. या जॉनची नोंद १८६३ सालची होती आणि आईचे माहेरचे आडनाव कॅमेरॉन असे लिहिलेले होते. परंतु माहिती देणाऱ्याच्या रकान्यात जावयाचे नाव होते, सहीच्या जागी शाईची थोडी पसरलेली फुली होती आणि ती त्याचीच खूण असल्याचे शेजारी नमूद केलेले होते. सासऱ्याच्या आईला या जावयाने कधी पाहिले तरी असेल का? मृत्यूच्या नोंदीतली आईवडिलांची नावे सांगणाऱ्याच्या आठवणीइतकीच भरवशाची असतात, म्हणून तो रकाना मी नेहमी सर्वांत आधी वाचते.

पुढे एका नातवाचा जन्म १८५५ सालचा निघाला, हे मोठेच भाग्य. त्या एका वर्षाच्या जन्मनोंदीत आईवडिलांचे वय, त्यांचे जन्मस्थान, लग्न कधी व कुठे झाले, आधीची मुले किती, हे सारे विचारले जाई; निबंधकांना एवढा तपशील झेपेना, म्हणून पुढच्याच वर्षी त्यातले बरेच काही गाळण्यात आले. या नोंदीमुळे जॉनच्या मुलाचा जन्म पश्चिमेकडच्या अर्गाइल परगण्यातल्या कोणत्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या कोणत्या स्थानिक हद्दीत झाला, ते कळले.

१८५५ पूर्वी आधार उरतो तो चर्च ऑफ स्कॉटलंडच्या जुन्या पॅरिश नोंदवह्यांचा. त्यांतली सर्वांत जुनी पर्थशरमधल्या एरल इथली, १५५३ सालापासूनची. पश्चिमेकडच्या बेटांवरच्या कित्येक पॅरिशांच्या वह्या मात्र १८०० नंतरच सुरू होतात. त्यातच १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता आणि गरीब घरांनी बाप्तिस्म्याची नोंद करणेच टाळले. त्यामुळे या वर्षांत नोंद न सापडणे हा कशाचाच पुरावा ठरत नाही.

अर्गाइलच्या त्या पॅरिशमध्ये आणि तिच्या शेजारच्या पॅरिशमध्ये मिळून मला दोन जॉन मॅकडोनल्ड सापडले, दोघांच्या वडिलांचे नाव डोनाल्ड. एकाची आई कॅमेरॉन घराण्यातली होती, तर दुसऱ्याच्या नोंदीत आईचा उल्लेखच नव्हता. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव ठेवण्याची रीत इथे कामाला येईना, कारण आजोबा दोन्हीकडे डोनाल्डच. १८५१ च्या जनगणनेत जन्माची पॅरिश लिहिलेली असते, आणि तिथे जॉनच्या नावापुढे दुसऱ्या जॉनची, म्हणजे आईचे नाव नसलेल्याची पॅरिश होती.

मी अहवालात दोन्ही शक्यता कारणांसह लिहिल्या आणि कुळप्रमुखाशी नाते दाखवणारा कागद कुठेही मिळालेला नाही, हे स्पष्टपणे नोंदवले. उत्तर यायला आठवडा लागला. कुटुंबातल्या सर्वांत वयस्क बाईंना जावयाच्या त्या फुलीची प्रत हवी होती. ती मी पाठवली आहे. आता त्या दुसऱ्या पॅरिशच्या चर्च सभेची, म्हणजे तिथल्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या मंडळाची इतिवृत्ते वाचायला घेतली आहेत; त्यांना नावांची सूची नाही, म्हणून पानामागून पान वाचावे लागते, आणि सध्या मी १७९१ सालापर्यंत पोहोचले आहे.