साहेब आज घरी आहेत, मुलीला ताप आलाय

स्वीडनमधल्या गॉथेनबर्गला येऊन आता तीन वर्षं होतील, पण पहिल्याच महिन्यातला एक मेसेज अजून डोक्यातून जात नाही. आमच्या मॅनेजरने, पंचेचाळिशीचा उंचापुरा माणूस, सकाळी ग्रुपवर एकच शब्द टाकला, 'वाब'. शेजारच्या मुलीला विचारलं तर म्हणाली, त्याच्या लेकीला ताप आहे. वाब म्हणजे आजारी मुलासाठी घरी राहणं, पगाराचा मोठा भाग सरकार देतं, आणि फेब्रुवारीत इतकी पोरं आजारी पडतात की लोक त्या महिन्याला 'वाब्रुआरी'च म्हणतात. त्या दिवशी क्लायंटचा रिव्ह्यू होता, तो त्याच्याशिवाय झाला, कुणी कुजबुजलंसुद्धा नाही.

पुण्यात मी टीम लीड होते तेव्हा अशी सुट्टी मागताना माझा आवाज आपोआप खाली जायचा, आणि नवऱ्याने मागितली तर त्याचे साहेब विचारायचे, 'का रे, मिसेस नाहीत का घरी?' अप्रेझलला एका वर्षी मला सांगितलं, जरा कडक व्हा, टीम डोक्यावर बसलीय. झाले कडक, तर पुढच्या वर्षी 'मॅडम फार तोडून बोलतात'. माझ्या बरोबरीचा लीड मीटिंगमध्ये मार्कर आपटायचा, तो मात्र डॅशिंग! व्हर्जिनिया शाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ मध्येच दाखवलं होतं की पुरुष मॅनेजरांच्या मनातला चांगला मॅनेजर हा पुरुषासारखाच असतो. मला ते वाचताना माझं अप्रेझल आठवलं.

इथला आमचा मॅनेजर टेबलाभोवती एकेकाला विचारतो, स्वतः शेवटी बोलतो. त्याच्या वरची डायरेक्टर बाई दोन वाक्यांत निर्णय सांगून उठते. तिला कुणी खडूस म्हणत नाही, त्याला कुणी मऊ म्हणत नाही.

मला वाटतं यात स्वभावापेक्षा कायद्याचा हात मोठा आहे. स्वीडनने १९७४ लाच बाळंतपणाच्या रजेऐवजी आईबापांची रजा आणली, आता दोघांना मिळून ४८० दिवस, त्यातले प्रत्येकाचे ९० राखीव, बापाने घेतले नाहीत तर वाया. सगळं झालंय असं नाही हं, आजही बाप साधारण ३० टक्केच दिवस घेतात आणि पहिली महिला पंतप्रधान मिळायला यांना २०२१ उजाडलं.

या फेब्रुवारीत आमच्या पोराला ताप आला तेव्हा नवऱ्याने त्याच्या ऑफिसला 'वाब' टाकलं. साताऱ्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला, तो कपाळावरची पट्टी बदलत होता.

'ती कुठे गेली?'

'ऑफिसला. आज तिचं प्रेझेंटेशन आहे, आई.'