आधी साखर बघ

"आई, आधी साखर बघ, मग भांडू." मनू एवढंच म्हणाली. आवाजसुद्धा चढवला नव्हता. दुपारपासून मी तेच वाक्य घोळवत बसलेय.

राग यायला कारण होतं. ते इथे लिहीत नाही, दोघींना ठाऊक आहे. मी रागातच बोट टोचून रक्तातली साखर बघितली. ६१. झालं! माझं म्हणणं बरोबर की चूक, हे बघायची कुणाला गरजच उरली नाही. ६१ वाल्या बाईचं ऐकतंय कोण?

पंधरा ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून घेतलं आणि पंधरा मिनिटं थांबले. तेवढ्या वेळात कुणी चकार शब्द काढला नाही. दोघंही माझ्याकडे गॅसवरच्या दुधाकडे बघावं तसे बघत होते. परत टोचलं, ८८. मग हे म्हणाले, "आता जेवून घे." बस्स.

आकडे मला पाठ आहेत. ७० च्या खाली गेली की कमी, ५४ च्या खाली गेली की गंभीर. मेंदूला साखर पुरेना झाली की माणूस चिडतो, गोंधळतो, हेही मान्य. पण ८८ वर असताना मला त्याच गोष्टीचा राग आला, त्याचं काय? जरा कमी आला, पण आला. तो तरी माझाच ना? ज्यांना साखर नाही त्यांचा राग कुणी मोजून बघत नाही. आपल्याला मात्र चिडायचं तरी पुरावा द्यावा लागतो.

बाबाही शेवटी शेवटी असेच चिडायचे. तेव्हा घरात साखर मोजायचं हे यंत्र नव्हतं. जाऊ दे.

संध्याकाळी डॉक्टरांना फोन लावला, तोही मनूने नंबर फिरवून हातात दिला म्हणून. एकदा कमी आली, कारण कळलं, खाल्ल्यावर सावरली, तर नोंद करून पुढच्या भेटीत दाखवली तरी चालतं. पण वारंवार कमी यायला लागली की थांबायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. पहाटेची विचित्र स्वप्नं आणि उठल्यावर जड झालेलं डोकं मी झोपेच्या खात्यात टाकत होते. त्यांनी ते साखरेच्या खात्यात टाकलं. माझ्या साखरेच्या गोळीतलं ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो नसो, इन्सुलिन सोडायला लावतच राहतं. नुसत्या मेटफॉर्मिनने, म्हणजे साखरेच्या दुसऱ्या औषधाने, सहसा असं होत नाही. माझं जेवण हल्ली अर्ध्यावर आलंय आणि गोळी तेवढीच. मूत्रपिंडं मंदावली असतील तर औषध अंगात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची रक्ततपासणीही सांगितलीय. गोळी त्यांनी कमी केली. मनाने बंद करू नका, हे दोनदा बजावलं.

मग विचारलं, "घाम, थरथर, धडधड?" यातलं काहीच झालं नव्हतं. त्यावर ते क्षणभर गप्प झाले, ते मला आवडलं नाही. साखर सारखी कमी होत राहिली की शरीर इशारे द्यायचं सोडतं म्हणे. म्हणजे दुपारी मला एकच लक्षण होतं, राग. मी ज्याच्यासाठी एवढी हळहळतेय, तीच माझी उरलेली घंटा! पोरीने ती माझ्याआधी ऐकली, याचा आता वेगळाच राग येतोय.

मनूने फ्रीजवर कागद चिकटवलाय. बेशुद्ध पडले तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, रुग्णवाहिका बोलवायची. खाली माझ्या गोळ्यांची नावं. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.

रात्री तिच्याशी तह केला. साखर ठीक असेल तर माझं पूर्ण ऐकायचं, मध्येच उठून जायचं नाही. मी म्हटलं सत्तर, ती म्हणाली शंभर. शेवटी ऐंशीवर तुटलं. म्हणजे दुपारी, पंधरा मिनिटांनंतर, मी भांडू शकले असते.