गांजाचं दुकान, कॅशच्या बॅगा आणि दोन सरकारं

मी अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या डेन्वरमध्ये अकाउंटंट आहे. कोलोरॅडोच्या मतदारांनी २०१२ मध्ये गांजा कायदेशीर केला, १ जानेवारी २०१४ ला दुकानं उघडली, आणि तेव्हापासून अशा काही दुकानांचे हिशोब आमच्याकडे असतात. हे लिहितेय ते ४ जानेवारी २०१८ बद्दल.

त्या दिवशी मी गांजाचं दुकान चालवणाऱ्या एका क्लायंटबरोबर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, टॅक्स ऑफिसला गेले होते. तिच्या कर्मचाऱ्यांच्या डिसेंबरच्या पगारातून कापलेला टॅक्स भरायचा होता आणि तो सगळा कॅशमध्ये, कारण तिचं अकाउंट बँकेने बंद करून टाकलं होतं. राज्याचं लायसन्स होतं, राज्याचा टॅक्स वेळेवर जात होता, पण बँका चालतात फेडरल नियमांवर आणि १९७० च्या फेडरल कायद्यात गांजा हेरॉइनच्याच यादीत होता, त्यामुळे असा पैसा ठेवून घेतला तर मनी लाँडरिंगचं लचांड मागे लागेल ही बँकांना भीती. मग काय, आधी अपॉइंटमेंट घ्यायची, नोटांची बंडलं बांधायची, सोबत गार्ड घ्यायचा. काउंटरवरची माणसं खूप नीट वागली, नोटा मशीनमधून मोजल्या, पावती दिली.

पावतीची वाट बघत बसलो होतो तेव्हाच फोनवर बातमी आली की केंद्राच्या न्याय खात्याचे प्रमुख, अॅटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी कोल मेमो रद्द केला. हा मेमो २०१३ चा, ज्या राज्यांनी गांजावर कडक नियम ठेवलेत, मुलांच्या हाती जाऊ देत नाहीत, राज्याबाहेर जाऊ देत नाहीत, तिथे फेडरल सरकारी वकिलांनी गांजाच्या केसेसवर आपली ताकद घालवू नये असं सांगणारा. तो कायदा नव्हता, नुसतं धोरण होतं, म्हणूनच एका सहीने गेला. म्हणजे जे सरकार आमच्यासमोर तिचे पैसे मोजून घेत होतं, तेच वॉशिंग्टनमधून आपल्या वकिलांना सांगत होतं की तिच्यावर केस करायची तर करा. तिने मला एवढंच विचारलं, "आज दुकान उघडू की नको?"

मी वकील नाही, तिच्या वकिलाला फोन लावून दिला आणि स्पीकरवर ऐकत बसले. त्याने सांगितलं ते अजून लक्षात आहे. अमेरिकेच्या दहाव्या घटनादुरुस्तीमुळे केंद्र राज्याच्या पोलिसांना आपलं काम करायला लावू शकत नाही, १९९७ च्या प्रिंट्झ केसमध्ये सुप्रीम कोर्टाने बंदुका घेणाऱ्यांची चौकशी स्थानिक शेरीफवर लादणारं कलम त्याच मुद्द्यावर उडवलं होतं. आपल्याकडे भारतात उलट आहे, राज्यघटनेच्या कलम २५६ प्रमाणे संसदेचे कायदे पाळले जातील हे राज्याला बघावंच लागतं. इथे मात्र वॉशिंग्टनला धाडी घालायच्या तर स्वतःची माणसं पाठवायला हवीत, आणि अख्ख्या देशात डीईएचे, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थविरोधी खात्याचे, एजंट पाच हजारांच्या आसपास. तिने दुकान उघडलं. कोलोरॅडोचे फेडरल अॅटर्नी बॉब ट्रॉयर यांनी त्याच दिवशी सांगितलं की त्यांच्या कामाच्या पद्धतीत बदल नाही, आणि सिनेटर कोरी गार्डनर, सेशन्स यांच्याच पक्षाचे, सिनेटमध्ये उभे राहून जाम भडकले, न्याय खात्याच्या नेमणुका अडवीन म्हणाले.

पण खरा मार धाडीचा नाहीच, टॅक्सचा आहे. १९८२ मध्ये आलेलं २८०ई नावाचं कलम सांगतं की अशा धंद्याला माल मिळवायचा खर्च सोडून बाकी काही वजा करता येणार नाही. समजा विक्री १० लाख डॉलर, माल ६ लाखांचा, भाडं-पगार-लाइट ३ लाख. हातात नफा १ लाख, पण टॅक्स लागणार ४ लाखांवर, २०१७ च्या ३४ टक्के दराने कंपनीचा टॅक्स १ लाख ३६ हजार. म्हणजे नफ्याहून जास्त! पोलीस पाठवता येत नाहीत म्हणून माणसाला असं हिशोबात गुदमरवायचं हे मला अजिबात पटत नाही. बंद करायचं असेल तर समोर येऊन बंद करा ना, टॅक्स घ्यायचा असेल तर बाकीच्या दुकानदारांसारखा घ्या.

मला स्वतःला गांजा आवडत नाही, मतदानाचा हक्क असता तरी मी विरोधातच मत दिलं असतं. कॅलिफोर्नियातल्या औषधी गांजावरच्या २००५ च्या रेच केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनीही तेच लिहिलंय, मी कॅलिफोर्नियाची नागरिक असते तर याला मत दिलं नसतं, तरी हा प्रयोग करायचा हक्क राज्याचा. त्या अल्पमतात होत्या, ६-३ ने केंद्र जिंकलं, घरच्या वापरासाठी लावलेल्या रोपांवरही. "राज्यांचे हक्क" म्हणत काळ्या मुलांना शाळेबाहेर ठेवणारे लोकही इथेच होते हे मी विसरत नाही, १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेसाठी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सैन्य पाठवलं ते बरोबरच केलं. तिथे माणसांचे मूलभूत हक्क मारले जात होते. प्रौढ माणसांना काय विकायचं हे ठरवणं ही त्या प्रकारची गोष्ट नाही.

आता इथल्या आपल्या लोकांसाठी. एप्रिल २०१९ पासून इमिग्रेशन खात्याचं लेखी धोरण आहे की राज्यात कायदेशीर असलं तरी या धंद्यात काम केलेलं नागरिकत्वाच्या अर्जात आड येऊ शकतं. त्यामुळे ओळखीतलं कुणी गांजाच्या दुकानात पार्टनर होऊ का विचारलं की मी नफ्यातोट्याचं काही बोलायच्या आधी ग्रीन कार्ड आहे की सिटिझनशिप ते विचारते, आणि नुसतं ग्रीन कार्ड असेल तर सरळ आधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे पाठवते.